ओल्या चित्रावर पांघरलेली साडी
परवा आमच्या ग्रिलला रंग लावला, आणि टर्पेंटाइनचा वास येताच मला रियाधमधली शेजारीण आठवली. मी लेकीकडे राहायला गेलेले, तीही तिच्या लेकीकडे. अमेरिकेतली चित्रकार, जन्मभर आपल्याच गावाकडची मक्याची शेतं रंगवणारी! गावच्या ग्रंथालयासाठी महिनाभर खपून केलेलं चित्र तिनं व्हरांड्यात वाळत ठेवलं होतं. ती आत झोपलेली, आणि समोरून धुळीचं वादळ आलं हो! मी धावले, अन् कुरडयांवर टाकतो तशी माझी सुती साडी त्यावर टाकली. वादळ सरल्यावर साडी उचलली, तर हिरवा रंग साडीला आणि साडीच्या चुण्या शेताला! ती बाहेर आली, तर मला “सॉरी, सॉरी” एवढंच इंग्रजी सुचलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मका सगळा एका अंगाला झुकलेला. मग खो खो हसत म्हणाली, “विंड, डिअर! विंड!” इतक्या वर्षांत तिला शेतातला वारा काही जमला नव्हता म्हणे. चित्र तसंच पाठवलं, आणि सहीशेजारी मला माझंही नाव लिहायला लावलं, मराठीत. साडीवरचा डाग काही गेला नाही. कुणी विचारलं की सांगते, याचा जोडीदार अमेरिकेत भिंतीवर आहे.