जहाजावरची तीन जेवणं आणि एक नैवेद्य

जहाजानं सिंगापूरचा किनारा सोडला नव्हता, तोच आमचे हे केबिनमधल्या पलंगावर मांडी घालून बसले आणि जहाजावरच्या खास रेस्टॉरंटांची तुलना करायला लागले. साधं जेवण तिकिटातच होतं. त्यासाठी एक भला मोठा हॉल होता आणि वरच्या मजल्यावर बुफे. त्याशिवाय चार खास जागा होत्या, तिथं आधी टेबल सांगून ठेवायचं. लेकीनं ही सहल आम्हाला भेट दिली तेव्हा त्या खास जागांतली कुठलीही तीन जेवणं त्यात घालून दिली होती. चारातून तीन निवडायची. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला याहून मोठं सुख नाही.

"इटालियन, ग्रिल, जपानी आणि हे फ्रेंच," हे म्हणाले. "फ्रेंच नक्को. ताट परातीएवढं आणि त्यात जेवण चमचाभर. तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मला सगळं सारखंच."

मी चिडून बोलले नव्हते, खरं तेच सांगितलं होतं. दीड वर्षापूर्वी मला साधा ताप आला आणि उतरला, पण जाताना माझी वासाची जाण घेऊन गेला. जिभेला मीठ कळायचं, आंबट-गोड कळायचं, तिखटाची आग कळायची. बाकी सगळं गेलं. हिंग गेला, तूप गेलं, कॉफी गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाहीही येणार. डॉक्टरांचं बरं असतं, दोन्ही बाजूंनी बरोबर.

वास गेल्याचं मला जेवढं दुःख झालं, त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीचं झालं. आमचे हे जेवणाच्या बाबतीत महाचिकित्सक. लग्नानंतर मी पहिली आमटी केली तेव्हा सगळ्यांसमोर नाकाचा शेंडा चोळून म्हणाले होते, "चिंच जरा जास्त पडली." मी दोन दिवस बोलले नाही. पुढं सवय झाली. शाळेतली नोकरी सांभाळून मी रांधायची आणि हे नाकाचा शेंडा चोळून खोड काढायचे. मेथ्या काळ्या पडल्या, खोबरं नीट भाजलं नाही, हिंग गौलीगुड्याच्या दुकानातला दिसत नाही, कुठून आणलास? मी भांडायची आणि दुसऱ्या दिवशी मेथ्या लाल असताना काढायची. आमच्या घरात प्रेमाची बोलणी कधी झालीच नाहीत. जी काही झाली ती मीठ, चिंच आणि गुळावरून झाली.

ताप गेल्यावर मी पहिल्यांदा स्वयंपाक केला त्या दिवशी आमटी झाली, भात झाला. ह्यांनी दोन वाट्या आमटी घेतली. मी विचारलं, कशी झालीय? म्हणाले, "छान."

दुपारी भांडी घासायला बाई आली. तिनं पातेलं उलटं करून मला दाखवलं. "अम्मा, अडुगु माडिपोयिंदि," ती तेलुगूत म्हणाली, बूड करपलंय. बूड काळं ठिक्कर पडलं होतं. डाळ बुडाला लागली होती आणि त्याचा वास सगळ्या आमटीत उतरला असणार. घरात तो वास न आलेली मी एकटीच. आणि हे दोन वाट्या जेवून उठले होते.

मी ह्यांना काही बोलले नाही. पण त्यानंतर रोज "छान" यायला लागलं. भाजी छान, वरण छान, खिचडीसुद्धा छान. इतका कडू शब्द मी आयुष्यात खाल्ला नाही. मला त्यांचं नाक हवं होतं आणि ते मला दया वाढत होते. पंधरा-वीस दिवसांनी मी स्वयंपाक सोडला. गौलीगुड्यातल्या एका खानावळीतून डबा यायला लागला. हिमायतनगरच्या आमच्या घरात ओटा इतका स्वच्छ कधीच नव्हता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तर असं जोडपं जहाजावर खास जेवणांची तुलना करायला निघालं होतं.

पहिल्या संध्याकाळी इटालियन. दिवे इतके मंद की ताटात काय आहे ते दिसत नव्हतं. माझ्या तोंडात काहीतरी मऊ आलं, थोडं आंबट, थोडं खारट, पुढं काही नाही. मी चमचा ठेवला आणि समोर पाहिलं. हे नाकाचा शेंडा चोळत होते.

"टोमॅटो कच्चा राहिलाय," ते म्हणाले. "लसूण नुसता दाखवलाय. पाला तुळशीच्या जातीचा दिसतो, पण सकाळी चिरून ठेवलेला असणार, वास मेलाय."

मी ताठ बसले. दीड वर्षात मी ह्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य जेवणावर ऐकलं नव्हतं.

"आणि ते चीज?" मी विचारलं.

"चीज बरं आहे. खवा जरा खरपूस झाला आणि त्याला मीठ लागलं तर कसं लागेल, तसं काहीतरी."

मी पुन्हा चमचा उचलला. खवा आठवला, त्याच्यावर मीठ टाकलं, आणि मनातल्या मनात चव जुळवत खाल्लं. खरंच थोडं जुळलं. मग मी त्यांना प्रत्येक घासाचं विचारत सुटले. वाढपी दोनदा येऊन विचारून गेला, काही चुकलं का?

दुसऱ्या दिवशी ग्रिल. जड खुर्च्या, जड सुऱ्या, आणि प्रत्येक गोष्ट अशी अदबीनं समोर ठेवायचे की जणू आम्ही निजामाच्या खानदानातले. आम्ही मासा आणि कोंबडी मागवली. वरची कड दाताखाली कुरकुरली, आतून वाफ आली. मला ते आवडलं. चव नसली तरी दातांना काम होतं. हे मात्र नाराज.

"धूर वरवर मारलाय, आत पोचलाच नाही," ते म्हणाले. "शेतावर हुरडा खायला बसायचो, आठवतं? आगटीतून कणीस काढलं की हाताला दिवसभर वास राहायचा. तो धूर खरा."

"मला कालच्यापेक्षा हेच बरं वाटलं."

"कशावरून?"

"आवाजावरून."

ते हसले. परत केबिनमध्ये जाताना आमचा वाद रंगला. त्यांच्या मते इटालियन पुढं, कारण चुका असल्या तरी जेवणात जीव होता. माझ्या मते ग्रिल पुढं, कारण मऊ जेवण मला आजाऱ्याचं वाटतं. समुद्र बघायचा राहूनच गेला. फार दिवसांनी मला भूक लागल्यासारखं झालं होतं.

तिसरी जागा जपानी. तिथं टेबल म्हणजेच तवा. रस्त्यावर ऑम्लेटवाल्याचा असतो तसा, पण दहा माणसं भोवती बसतील एवढा. पलीकडं आचारी उभा. तो उलथनी हवेत फेकून झेलत होता, अंडं उलथन्यावर नाचवत होता, आणि भोवतीची माणसं टाळ्या वाजवत होती. मी टाळ्या वाजवत नव्हते. मी तेल ऐकत होते.

कारण ते ऐकू येत होतं. पहिलं तेल पडलं तेव्हा गप्प होतं, मग बारीक कुजबुज सुरू झाली, आणि मला कळलं, आता तापलं. त्यानं कांदा टाकला, ओला चर्र असा आवाज आला. कांद्यातलं पाणी संपत गेलं तसा तो आवाज बसत गेला. इतकी वर्षं मी फोडणी नाकानं करते असं मला वाटत होतं. पण माझे कान सगळा वेळ तिथंच उभे होते, मी त्यांना कधी विचारलं नव्हतं एवढंच.

मग त्यानं लसूण टाकला आणि पुन्हा अंडं फेकायला लागला. लसूण आधी खळखळला, मग आवाज कोरडा झाला.

"काढ की आता," मी मराठीतच म्हणाले. त्याला कसं कळणार? तो समोरच्या लेकरांना हसवत होता.

दोन क्षण गेले आणि शेजारी ह्यांनी नाकाचा शेंडा चोळला. "पूरा करपला की लसूण," ते म्हणाले, चांगले मोठ्यानं.

आधी मला आनंद झाला. ह्यांच्या नाकाआधी माझ्या कानाला कळलं होतं. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ संताप आला.

"याचा चिमूटभर लसूण करपला तर लगेच कळलं," मी म्हणाले. "आणि माझी आख्खी आमटी लागली होती तेव्हा?"

"कुठली आमटी?"

"दोन वाट्या जेवलात ती. भांड्याचं बूड पाहिलंय मी. दीड वर्ष झालं."

त्यांचा चेहरा उतरला. समोर आचाऱ्यानं कांद्याच्या चकत्या रचून त्यातून ज्वाळा काढली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आम्ही दोघं त्या टाळ्यांच्या आड भांडत होतो.

"तू पातेलं धरून उभी होतीस," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुझं तोंड बघितलं आणि 'छान' निघून गेलं. मग रोजच म्हणावं लागलं."

"का म्हणून?"

"घाबरलो गं. वाटलं, एकदा लागली म्हणालो तर तू परत ओट्यापाशी जाणारच नाहीस."

"तुम्ही छान म्हणालात म्हणून मी जायची थांबले."

त्यांच्या ताटातला करपलेला लसूण ते काट्यानं एका कडेला सारत राहिले. मला त्यांची दया आली, माझीही आली. दोघं एकमेकांना जपत उपाशी राहिलो होतो. शेवटी मीच म्हणाले, "घरी गेल्यावर मी करीन. पण छान म्हणायचं नाही."

"हौ," ते म्हणाले.

बोलणं सोपं असतं. घरी आल्यावर मी दोनदा कढई चढवली आणि दोन्हीदा गॅस बंद केला. तेल तापायच्या आत ते काळं पातेलं डोळ्यांसमोर यायचं. डबा चालूच राहिला. ह्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि ते विचारत नाहीत हेही मला खुपत होतं.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्या मराठवाड्याकडच्या घरांत गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मोठा नैवेद्य असतो. लेक आणि जावई आदल्या दिवशी बंगळूरहून आले होते. लेक म्हणाली, "आई, फिजूल परेशान होऊ नको. आबिड्सला एक बाई पुरणाचा सगळा स्वयंपाक करून देतात. मी सांगून ठेवते."

मी हो म्हणणार होते. तेवढ्यात मला एक गोष्ट सुचली, आणि इतकी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही याचं हसू आलं. नैवेद्याचा स्वयंपाक कुणी चाखत नाही. हुंगतही नाही. देवाच्या आधी त्याचा वाससुद्धा घ्यायचा नाही म्हणून सासूबाई आम्हाला कढईवर वाकू द्यायच्या नाहीत. लग्न झाल्यापासून दर वर्षी त्या एका दिवशी मी अंदाजानंच रांधत आले होते. त्या दिवशी चाखणारी जीभ आणि हुंगणारं नाक कुणालाच नसतं. मी काही वेगळी नव्हते.

"कुणाला सांगू नको," मी लेकीला म्हणाले. "मी करते."

सकाळी पदर खोचला. ह्यांना बाहेर बसवलं. पुरण शिजवलं, वाटलं. भाज्या झाल्या, कढी झाली. कटाच्या आमटीची फोडणी घातली तेव्हा सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. मोहरी तडतडली, थांबली, मेथ्या लालसर दिसल्या, हिंग पडला. माझे कान त्या कढईत होते. भीती वाटत होती, पण हात चालत होता. दीड वर्षानं माझ्या ओट्यावर पीठ सांडलं होतं, डाळीचे डाग होते, आणि मला तो फार सुंदर दिसला.

नैवेद्य दाखवला, आरती झाली, पानं वाढली. ह्यांनी वदनी कवळ म्हटलं आणि पहिला हात आमटीच्या वाटीलाच घातला. मी तुपाची वाटी हातात घेऊन उभी राहिले. त्यांनी एक भुरका मारला. थांबले. दुसरा मारला. माझ्याकडे पाहिलं. लेक माझ्याकडे बघत होती, जावई पानाकडे.

मग ह्यांनी नाकाचा शेंडा चोळला.

"आमटी लागलीय गं," ते म्हणाले. "बुडाला."

"बाबा!" लेक ओरडली.

"किती?" मी विचारलं.

"फार नाही. पण लागलीय. कट दाट होता, ढवळायला हवा होता. फोडणी मात्र बरोबर जमलीय, मेथ्या एकदम टायमावर."

माझ्या डोळ्यांना धार लागली. लेक घाबरून उठायला लागली, तिला मी हातानं खाली बसवलं. मला रडू आवरत नव्हतं आणि विचारणंही थांबत नव्हतं. "पुरण?"

"जायफळ कमी."

"कढी?"

"कढी आंबट हवी होती जरा."

मी डोळे पुसले आणि पोळीवर तूप वाढलं. ह्यांनी आमटीची वाटी रिकामी करून माझ्यापुढं धरली.

"लागलीय ना?" मी म्हणाले.

"हौ, लागलीय," ते म्हणाले. "वाढ."