तिसरा गरा

मला कामं दोनच होती: फणस वर्गापर्यंत उचलून न्यायचा आणि मागच्या बाकावर गप्प बसायचं. पैकी फणस मी उत्तम उचलला.

कन्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. सेमिनारचे गुण थेट निकालात धरणार होते आणि मॅडम भलत्या कडक. विषय आरएनए.

"बाबा, जनुकाची पहिली नक्कल अख्ख्या फणसासारखी असते," आदल्या दिवशी तिने मला समजावलं. "गरे कामाचे, ते एक्झॉन. मधली पाती म्हणजे इंट्रॉन. पेशीच्या केंद्रकात पाती काढून गरे क्रमाने जोडतात. मगच आरएनए बाहेर पडतो, आणि त्यावरून प्रथिन बनतं."

"पाती फुकट? गुरांनासुद्धा नाही?"

"बाबा!"

"तुमच्या गोष्टींत पातीच असतात, म्हणून जीव तुटतोय," बायको आतून म्हणाली.

वर्गात कन्येने हाताला तेल लावून टेबलावर पाच गरे मांडले, मधे पाती, प्रत्येक गऱ्यावर आकड्याची चिठ्ठी. पुढे देठ, ती टोपी. मागे एकसारख्या आठळ्यांची माळ, ती शेपटी. दोन्ही कशाला, तर आरएनए कोणी कुरतडू नये म्हणून. मग ती मॅडमना बोलवायला गेली.

घरचा कापा फणस. तिसरा गरा सगळ्यांत मोठा. मी फक्त वास घ्यायला वाकलो होतो, देवाशप्पथ.

मी मागच्या बाकावर परत येऊन बसलो, आणि आठळी तोंडात असतानाच दोघी आत आल्या.

कन्येने पाती काढायला घेतली. "एक, दोन..." ती थांबली. आधी टेबलाकडे बघितलं, मग माझ्या फुगलेल्या गालाकडे.

"तिसरा कुठाय?" मॅडम.

पोरीचं अख्खं वर्ष मी एका घासात गिळलं होतं.

"वगळलाय, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "पेशी कधीकधी एखादा एक्झॉन गाळते. एक, दोन, चार, पाच असं जोडलं, की त्याच जनुकापासून वेगळं प्रथिन मिळतं."

"छान. मी हेच विचारणार होते. आणि गाळलेल्याचं काय होतं?"

"पचवतात, मॅडम." नजर माझ्यावरच.

मॅडमनी वहीत गुण मांडले आणि वर न बघताच म्हणाल्या, "मागच्या एन्झाइमला म्हणावं, आठळी काढा आता."

वर्ग खदखदून हसला. मी निमूट पुढे गेलो, रुमालाने आठळी पुसली आणि शेपटीच्या टोकाला ठेवली.