मायच्या पायातला केशरी उजेड

अशा कथा मी इथे टाइमपास म्हणून वाचतो, आणि खाली कमेंटमध्ये खिल्ली उडवणाऱ्यांत मीच पुढे असतो. एका कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे — बाटलीत जे असेल तेच दिसणार, एवढं माझं साधं गणित. म्हणून हे लिहायला वर्ष गेलं...

गाव उंद्री, तालुका चिखली. सोयाबीन सोंगताना, म्हणजे कापताना, मायच्या उजव्या पायात धसकट घुसलं. तिला शुगर, जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस गोळ्या आणि ड्रेसिंग करू, आटोक्यात नाही आलं तर पंजा काढावा लागेल.

लॅबमध्ये प्रवीण पीएचडी करत होता. हिवरा आश्रम गावचा, माझा रूम पार्टनर. आमच्या घरी जेवून जेवून मायचा दुसरा मुलगाच झालेला. त्याचं काम नॅनोकण घातलेल्या मलमावर. मलम लावून निळी टॉर्च धरली की जिथे जंतू असतात तिथे कण केशरी चमकतात, आणि त्याच उजेडाने जंतू मरतात. माणसांवर वापरायची परवानगी अजून नव्हती, हे मला माहीत होतं. तरी मी त्याच्यापुढे हात जोडले. त्याने एक बाटली दिली.

"कोनाले सांगू नको. रोज व्हिडिओ पाठव फक्त."

रजा टाकून मी गावी आलो, आणि दुपारी खिडकीला गोधडी लावून टॉर्च धरली. जखमेच्या कडेने केशरी उजेड... चुलीतल्या निखाऱ्यासारखा. माय घाबरली — "काय जळून राह्यलं रे हे?" रोज तो थोडा कमी व्हायचा. बाराव्या दिवशी काहीच चमकलं नाही. डॉक्टरांनी पाय पाहिला, म्हणाले, आता कापायची गरज नाही. लॅबमध्ये मी पेढे वाटले, पहिला प्रवीणला.

महिन्याभराने रूमवरचं कपाट आवरताना त्याची वही सापडली. सशांच्या नोंदींखाली एक ओळ होती — 'स्त्री, उंद्री, पायाची जखम. साधं मलम, कण नाहीत.' आणि ती पेनाने खोडलेली.

वही उघडीच घेऊन मी त्याच्यापुढे उभा राहिलो.

"काऊन बे, माह्या मायले साधं मलम?"

"खरं लावून काही झालं असतं तर मी फसलो असतो. अन् तुलनेले एक जखम लागतच होती."

"पाय गेला असता तर?"

"गेला नाही ना बे."

"मंग ओळ काऊन खोडली?"

त्याने माझ्या हातातली वही घेऊन मिटली. म्हणाला, "साध्या मलमात उजेड दिसला, असं लिहू का? कोन विश्वास ठेवीन माह्यावर?"

रोज व्हिडिओ पाहून हा माणूस मला अंगठा पाठवत होता!

घरी उरलेलं मलम मी स्वतः त्याच टॉर्चखाली तपासलं. काही नाही. काही जंतू आपोआप लालसर, काही हिरवट चमकतात, ठाऊक आहे. पण तो केशरी रंग मी लॅबमध्ये शेकडो वेळा पाहिलाय, तो फक्त प्रवीणच्या कणांचा. हळद लावली होतीस का, असंही मायला विचारलं. नाही म्हणाली. जखम गोळ्यांनी भरली असेल, मान्य. पण उजेड कशाचा? व्हिडिओ आजही फोनमध्ये आहेत.

मलम प्रवीणने दिलं एवढंच मायला माहीत, वहीचं मी तिला काही सांगितलेलं नाही. यंदाच्या दिवाळीत तिनेच फोन करून प्रवीणला बोलावून घेतलं. जेवायला बसण्याआधी तो नमस्कार करायला वाकला, तर तिने मुद्दाम उजवा पाय पुढे केला.

"पाहा, कसा भरला. तुह्यानंच वाचला रे बाबा."

त्याने त्या पायाला हात लावला. मायने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ताटात तिने त्याला माझ्या आधी वाढलं.