सिस्टरांनी पकडलेली फुंकर

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला; तेवढ्यावर कुणाविषयी लिहायला बसणं आगाऊपणाचं आहे, सांभाळून घ्यावं. पण कळंबजवळच्या ज्या फाउंड्रीत आमचे आबा कामाला आहेत, तिथल्या दवाखान्यातल्या सिस्टरांइतका दुसऱ्याच्या श्वासाचा ध्यास घेतलेलं माणूस सबंध आंबेगाव तालुक्यात नसेल. त्या नमस्कार करत नसत, "खोका पाहू जरा" म्हणत. शिनोलीला एका कामगाराच्या लग्नात त्यांनी अक्षता पडायच्या आधी नवरदेवाला तीनदा दीर्घ श्वास घ्यायला लावला. नवरीकडचे घाबरले, तेव्हा म्हणाल्या, "घाबरू नका पावणं, पोरगा पास हाय."

आबा ओतकामाच्या साच्यांच्या वाळूत काम करायचे. दिवाळीपासून खोकला हटेना. छातीच्या तपासणीत नापास झालो तर घरी बसवतील आणि माझं कॉलेज सुटेल, ही त्यांना धास्ती. तपासणीची गाडी पुण्याहून आली, तिच्यातला माणूस कुणाला ओळखत नव्हता. आबांनी आपलं कार्ड देऊन त्यांच्याच पाळीतल्या दत्तूकाकांना नळीत फुंकायला पाठवलं. दत्तूकाका लग्नसराईत सनई वाजवतात.

संध्याकाळी सिस्टरांनी तपासणीचा कागद पाहिला आणि दोघांनाही बोलावलं. "आबा, ही छाती तुमची न्हाई. एवढा दम आख्ख्या पाळीत एकट्या दत्तूचा. पोरगं कॉलेजात शिकतंय आन् बाप कॉपी करतोय व्हय?"

दत्तूकाका म्हणाले, "बाई, मी लई हळू फुंकलं व्हतं."

आबांना मात्र रडू फुटलं. "काम गेलं तर पोराचं कसं व्हायचं?"

सिस्टरांनी त्यांना पुन्हा फुंकायला लावलं, एक्स-रे काढायला पाठवलं. फुप्फुसात धुळीचा डाग निघाला. मग फाईल घेऊन त्या मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या. "जेवा साहेब तुमी, मी बसते. वाळूतनं आबांना काढायचं, कामावरनं न्हाई." साहेबांचा डबा तसाच राहिला. दुपारी सही झाली आणि आबा त्याच पगारावर स्टोअरला गेले.

पुढे सिस्टरांचं कंत्राट संपलं, त्या नाशिककडच्या कुठल्या कारखान्यात गेल्या. निरोप घ्यायचाही राहून गेला. वर्षाने आबांचा दुसरा एक्स-रे निघाला. मी तीन दिवस सिस्टरांना फोन लावत होतो. चौथ्या दिवशी त्यांनी उचलला. काय काय बोलायचं ते मी वहीत लिहून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "सिस्टर, डाग वाढलेला नाही."