आपल्या माहितीवर आपला हक्क सांगणाऱ्या विजयाताई

विजयाताईंची आणि माझी पहिली भेट वादाने झाली. भवानी पेठेतल्या ग्राहक मदत केंद्रात त्या रोज सकाळी दोन तास बसतात. त्या दिवशी एका यंत्रमाग कामगाराची मुलगी रडत आली होती. लग्नाला वर्ष झाले, तरी वधू-वर सूचक केंद्राने तिचा बायोडाटा मोबाइलवरच्या गटांतून फिरवणे थांबवले नव्हते. स्थळ म्हणून फोन येत. सुनेनेच दुसरे घर शोधायला घेतले, असे समजून सासूबाईंनी तिला माहेरी धाडले होते.

सभा-भाषणे करणारा कार्यकर्ता मी, काही कामाने तिथे आलेलो; ऐकून तापलो. “ताई, उद्याच चौकात सभा घेतो. त्या केंद्राचे वाभाडे काढतो!”

“आणि पोरीचं नाव लाउडस्पीकरवर घेणार? घ्या की! राहिलेल्या पेठेलाबी कळू दे.”

मी सभेचा बेत सोडला. माझ्या आयुष्यात हे फार वेळा घडलेले नाही.

ताईंनी मुलीच्या हातानेच अर्ज लिहून घेतला: माझी कोणती माहिती ठेवली, कुणाला दिली, ते सांगा, ती काढा आणि काढल्याचे लेखी द्या. तो घेऊन त्या स्वतः तिच्याबरोबर वधू-वर केंद्रात गेल्या.

केंद्रचालक हसले. “ताई, किती गटांत गेलीय ती माहिती! कुठं कुठं पुसत बसू?”

“जिथं जिथं पाठवली तिथं तिथं. मी बसते हितंच.”

त्या चार दिवस बसल्या. पाचव्या दिवशी लेखी उत्तर घेऊन मुलीच्या सासरी गेल्या. सासूबाईंनी कागद दोनदा वाचून घेतला, सुनेकडे पाहिले आणि म्हणाल्या, “चल घरात. आन् ताई, आमच्या धाकट्याचाबी फोटो तितंच हाय. त्याचंबी लगीन झालंय. लिवा की एक अर्ज!”

पूर्वी लोक ताईंना एवढेच सांगत, ‘जाहिरातींचे फोन बंद करा.’ आता रिक्षावाला विचारतो, ‘माझा नंबर यांना दिला कुणी?’ तपासणी करून आलेली बाई म्हणते, ‘माझे रिपोर्ट कुणाला दाखवले, ते लिहून द्या.’ मागणाऱ्याचा आवाज आता विनवणीचा नाही, हक्काचा आहे! माझ्या शंभर भाषणांनी हे झाले नाही. ताईंनी एकेका अर्जाने ते केले.

ही हकीकत त्या मुलीला विचारूनच लिहितो आहे. हल्ली ती आठवड्यातून एकदा ताईंच्या शेजारी बसून इतरांचे अर्ज लिहिते.

ताई, आज आपण पंच्याहत्तरीत आहात. गुडघ्यांचे औषध वेळेवर घ्या, प्रकृती जपा. आपल्या शंभरीचा सोहळाही आम्हीच करणार आहोत. अर्थात, आपली लेखी परवानगी घेऊन!