बियाण्याचं गाठोडं

पेरणीसाठी निवडलेला कापूस आमच्या घरी वेगळा बांधून ठेवत. लहानपणी त्या गाठोड्यावर उड्या मारल्या म्हणून मी मार खाल्ला. विशीत तेच विकायला काढलं आणि बापाशी भांडलो. मी पंचेचाळिशीत असताना विलायतेत कापूस कमी पडला आणि अमरावतीला भाव चढला. गाड्या भरायची यादी मी केली होती. तिच्यात नसलेलं गाठोडंही मुलानं गाडीवर चढवलं.

“उतरव,” मी म्हणालो.

“कावून? सारे विकून राहिले, बा!”

“मंग पुढच्या साली काय पेरशीन, रुपये?”

हे माझ्या बापाचं वाक्य. मुलानं गाठोडं उतरवलं आणि अबोला धरला. विशीतल्या त्या भांडणानंतर मी बापाशी आठ दिवस बोललो नव्हतो. याचाही रुसवा तेवढाच चालेल असं धरून मी तेवढ्या दिवसांची मुलाची कामं इतरांना वाटून दिली.