व्याह्यांचं मागे घ्यायचं बटण

१९९७ साल. मला चौसष्टावं चालू होतं. सरळ सांगतो, दिलेला शब्द मागे घेण्यात आमच्या व्याह्यांचा हात धरणारा माणूस धुळे-जळगावात तेव्हाही नव्हता, आजही नाही. पोरीच्या लग्नात मानाची टोपी तोकडी निघाली म्हणून ते रुसले. हातापाया पडून पानावर बसवलं, तर म्हणाले, "रुसवा मागे घेतला." दोन घास खाल्ले, आणि "मागे घेतलेलं मागे घेतो" म्हणून पुन्हा मांडवाच्या खांबाला टेकून बसले. ही खोड त्यांना त्यांच्या धुळ्याच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरने लावली. काळा पडदा, हिरवी अक्षरं. एक बटण दाबलं की शेवटचं लिहिलेलं पुसायचं, तेच पुन्हा दाबलं की पुसलेलं परत यायचं. बस, एकच पायरी. मला सांगत, "आबा, माणसाला एकच चूक पुसता यावी. जास्त सोय झाली की माणूस माजतो."

मी चौथी नापास. पण अमळनेरच्या तेल मिलच्या गेटवर ट्रकचे नंबर लिहून लिहून इंग्रजी अक्षरं ओळखू लागलो होतो. मिलमध्ये कॉम्प्युटर आला, तेव्हा व्याह्यांनीच माझ्याकडून बटणं पाठ करून घेतली: लिहा, थांबा, जपून ठेवून बंद करा. न जपता बंद करायची दुसरी रीतही असते, हे मला ठाऊक नव्हतं. विचारायचा माझा स्वभाव नाही.

रिटायर झाल्यावर व्याह्यांचा कचेरीतला कॉम्प्युटर सुटला. म्हणून श्रावणाच्या तोंडाशी ते थोरल्या बहिणीला, अक्काला, घेऊन माझ्या मिलमध्ये आले. अक्का ऐंशीच्या पुढची. श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीची गाणी तिच्यामागे कोणाला येणार नव्हती. ती खुर्चीवर मांडी घालून म्हणत होती आणि व्याही इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकत होते. एक गाणं झालं की थांबायचं, म्हणजे मशीन ते एक लिखाण धरायचं, मग पुढचं. मी म्हटलं, "नाना, मधे एकदा जपून ठेवा." तर म्हणाले, "देवीचं म्हणणं मधे तोडू नये." दुपारपर्यंत अठरा गाणी झाली. अक्काचा आवाज बसला.

शेवटचं गाणं चुकलंसं वाटून व्याह्यांनी ते पुसलं. मग "नाही, होतं तेच बरोबर" म्हणून बटण पुन्हा दाबलं. ते परत येण्याऐवजी सतरावंही गेलं! आमच्या मशीनवरचं लिहायचं सॉफ्टवेअर दिसायला धुळ्यातल्याचं जुळं भावंड, पण ते एकावर थांबणारं नव्हतं. दाबाल तितकं मागे जाणारं.

"दाबा अजून, येईल," मी म्हणालो. सोळावं गेलं. पंधरावं गेलं. व्याह्यांनी हात उचलला. "थांबा आबा. तुमचे कॉम्प्युटरवाले साहेब जेवून येऊ द्या."

"का? मी अडाणी आहे म्हणून? मशीन आमचं आहे." मी त्यांना सरकवलं आणि दाबत सुटलो. पडदा कोरा झाला. मग घाबरून, बंद करून उघडलं की सगळं येईल म्हणून, मला येत होत्या त्या एकाच रीतीने मी ते बंद केलं. कोरंच जपून ठेवलं.

"बठ्ठं लिखाई गयं ना रे भाऊ?" अक्काने बसक्या आवाजात विचारलं, सगळं लिहून झालं ना म्हणून.

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"हा अक्का," ते म्हणाले, "बठ्ठं शे." आणि तिला धरून एसटी स्टँडकडे घेऊन गेले. साहेब जेवून आले, तेव्हा त्यांना मी एक शब्द सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीने धुळ्याला व्याह्यांच्या घरी गेलो. अक्का ओट्यावर बसली होती. व्याही मागून खुणेने नको नको म्हणत होते. तरी मी सांगून टाकलं की गाणी गेली, आणि ती माझ्या हाताने गेली. अक्काने सरकून ओट्यावर जागा केली. मग म्हणाली, "बस. आधी चहा पे." मी चहा प्यालो, पिशवीतून नातवाची दुरेघी वही आणि पेन्सिल काढली आणि तिच्या पायाशी बसलो.